भादव्यातली पेज

भादवा लागला की आमच्या पुढच्या खोलीच्या भिंतीवर ती रेघ परत उमटते. तीनदा रंग देऊन झाला. एकदा तर वॉटरप्रूफिंगवाल्याच्या ताब्यात दोन दिवस घर दिलं. त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, "दीदी, अब नहीं आएगी." आली. पुढच्याच वर्षी आली, मेली. माझ्या खांद्याच्या जरा खाली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, सरळ आणि तपकिरी. कुणी आलं-गेलं तर विचारतं, "सीलन है क्या?" मी म्हणते, हो. त्या वर्षी पाणी तिथपर्यंत होतं, हे दरवेळी कुठे सांगत बसू?

भोपाळच्या टी. टी. नगरातल्या एका सरकारी ऑफिसात आवक-जावक सांभाळत मी तीस वर्षं काढली. कागद आला की शिक्का, गेला की शिक्का. क्रमानं लावणं हेच माझं काम. पण त्या भादव्याचा क्रम मला लागत नाही. तुकडे आठवतात. चिखलाचा वास आठवतो, डिझेल आणि कुजलेला कांदा एकत्र केल्यासारखा. फ्रिज आठवतो, स्वयंपाकघरातून तरंगत येऊन दिवाणावर आडवा झालेला. त्याचं दार उघडलं तर आत दह्याचं भांडं झाकणासकट जसंच्या तसं. मी ते दही किती वेळ बघत उभी होते कोण जाणे. आणि मला रडू आलं नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण ऐकणारी माणसं त्याचीच वाट बघत बसतात.

घर आमचं सोनागिरीच्या उताराला, अगदी टोकाचं. बाबा सचिवालयातून निवृत्त झाले तेव्हा शिवाजी नगरचं क्वार्टर सोडावं लागलं, आणि हा नाल्याकाठचा प्लॉट परवडला. नाला म्हणजे तरी काय, चार महिने पाणी आणि आठ महिने पॉलिथिन. घरात तिघं. बाबा, मी आणि माझा धाकटा भाऊ हेमंत, कारखान्यात टेक्निशियन. माझं लग्न झालं नाही, त्याचं झालं ते टिकलं नाही, आई तर कधीच गेलेली. पुण्याची मामेबहीण आमच्या मराठीला हसते. 'टंकी भरली', 'लाइट गुल झाली', असं काय गं बोलता तुम्ही! पण तिघांचं आमचं बरं चाललं होतं.

नाल्याच्या पलीकडे गोंड लोकांची बस्ती. डिंडोरीकडून आलेली माणसं. पुरुष बांधकामावर, बायाही बांधकामावर, काही घरांत चित्रं काढतात, ठिपक्या-ठिपक्यांची हरणं आणि झाडं. आमच्या घराचा स्लॅब पडला तेव्हा रेती त्यांच्याच बायांनी वाहिली होती. एवढी वर्षं आम्ही त्यांना 'पलीकडचे' म्हणत आलो. नाव एकाचंही माहीत नव्हतं. याची मला आता लाज वाटते, तेव्हा वाटत नव्हती.

तीन दिवस पाऊस धरून बसला होता. चौथ्या दिवशी सकाळी पोर्चमध्ये घोटाभर पाणी आलं. बाबा खुर्चीतून म्हणाले, "गाडी वर घे रे, इंजिनात पाणी जाईल." हेमंतनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मोटारसायकल ओट्यावर चढवायला गेला. मी पोळ्या करत होते. तव्यावरची पोळी उलटायला वळले, खिडकीतून परत पाहिलं, तर नाल्याकडची भिंत नव्हती, गाडी नव्हती आणि तो नव्हता. पोळी करपली. गॅस बंद केल्याचं मला आठवतं. मग पाणी आत आलं, आणि शेजारच्या देशकर वहिनींनी बाबांना आणि मला ओढून त्यांच्या गच्चीवर नेलं.

हेमंत दुसऱ्या दिवशी सापडला, बराच खाली, रेल्वेच्या पुलापाशी झुडपात अडकलेला. सरकारी बोट मुख्य पात्रातच फिरत होती. त्याला शोधलं पलीकडच्या माणसांनी. ते त्यांची माणसं शोधत होते, त्यात आमचंही सापडलं. चौघांनी दारावर घालून आणला. कुणाच्या तरी घराचं निळं पत्र्याचं दार होतं, त्याला कडीसुद्धा तशीच होती.

बाबा तेव्हापासून बोलायचे थांबले. गप्प म्हणजे अगदी गप्प. त्यांचं शेवटचं वाक्य काय होतं ते मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, आणि आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो. जेवणही सुटलं. पहिले दोन-चार दिवस देशकर वहिनींकडच्या चहात बुडवून अर्धं बिस्कीट घेत, मग तेही नाही. घास तोंडात दिला तर गालात धरून ठेवायचे आणि थोड्या वेळानं रुमालात काढायचे. निगुतीनं, घडी घालून. आयुष्यभर सचिवालयात काढलेला माणूस.

तर अशा घरात पुराच्या तिसऱ्या दिवशी सकाळी दारात दोन बाया उभ्या राहिल्या. पायांना पोटरीपर्यंत चिखल. पुढची पन्नाशीच्या पुढची, काळीसावळी, हातांवर गोंदण. ती फुलबाई. नाव नंतर कळलं. ना नमस्कार, ना 'बहुत बुरा हुआ'. तिनं एकच विचारलं.

"चूल्हा जला?"

मी म्हटलं, "जला."

खोटं! शेगडीच्या बर्नरमधून मी सकाळीच बोटानं गाळ काढला होता, सिलिंडर तर मोरीत उलटा पडला होता. पण आपण कसं सांगणार? आमच्याकडे मराठी मंडळातर्फे पूरग्रस्तांना पाठवायची पद्धत, घ्यायची नाही. त्या बाईनं माझ्या खांद्यावरून आत बघितलं आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर. चूल्हा जला? जला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. ही कसली चिकाटी! मला तिचा रागच यायला लागला.

ती त्यांची रीत होती, हे मागाहून समजलं. गावी फुलबाई सकाळी टेकाडावर उभी राहून बघायची, कुठल्या घरातून धूर निघत नाही. ज्या घराचा धूर दिसला नाही, तिथे काहीतरी बिघडलंय, तिथे पेज न्यायची. कारण विचारायचं नाही, याद्या करायच्या नाहीत. भोपाळात गॅसमुळे धूर दिसत नाही, म्हणून दारोदार जाऊन विचारायचं, एवढाच फरक. बस्तीतली निम्मी घरं वाहून गेली होती. उरलेल्यांनी शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीन दगडी चुली मांडल्या, डिंडोरीहून नातलगांनी डोक्यावरून, बसच्या टपावरून कोदो-कुटकीसारखं भरड धान्य आणलं, आणि पहाटेपासून मोठाल्या डेगांत पेज शिजायला लागली. आधी त्यांच्या बस्तीला, मग नाल्याच्या दोन्ही काठांना. आमच्या गल्लीत तोवर फक्त मोबाईलनं फोटो काढणारे येऊन गेले होते.

आणि मी काय केलं सांगू? कपाटाच्या वरच्या कप्प्यातल्या कोरड्या राहिलेल्या जुन्या साड्यांचं बोचकं बांधलं आणि देशकर वहिनींच्या हाती बस्तीत पाठवून दिलं. पूर आला की जुन्या साड्या द्यायच्या, हे हातात बसलेलं. माझ्या घरात गुडघाभर गाळ, भाऊ जाऊन चार दिवस झालेले, आणि मी दान करतेय. दुसऱ्या दिवशी फुलबाई सहा बाया घेऊन आली. कुदळ-फावडी, घमेली, आणि माझं बोचकं. साड्या धुऊन, टराटरा फाडून त्यांची फडकी केलेली. त्याच फडक्यांनी त्यांनी माझी फरशी पुसली. माझी मोतिया रंगाची साडी, जी मी मंडळाच्या हळदीकुंकवाला नेसायचे, तिनं फुलबाईनं माझं संडास पुसलं. मी खुर्चीत बसून बघत होते. जोरात हसायला हवं होतं किंवा चिडायला हवं होतं, पण आत काही हललंच नाही.

मी यांत्रिकपणे विचारलं, "कितना देना है?"

फुलबाईनं घमेलं उचललं. "आज देने का नहीं है, दीदी. हटो थोड़ा, पैर उठाओ."

मी पाय उचलले.

त्या दिवशी जाताना तिनं पुन्हा विचारलं, चूल्हा जला? मी म्हटलं, नाही. एवढा एक शब्द बाहेर यायला किती दिवस लागले! तिनं पेजेच्या बादलीवरचं झाकण काढलं. "खाने वाले कितने?"

"तीन," मी म्हणाले.

तोंडातून गेलं. आयुष्यभराची सवय. तिला ठाऊक होतं, तिच्याच माणसांनी त्याला दारावर घालून आणला होता. तिनं काही दुरुस्त केलं नाही. मोजून तीन ओगराळी वाढली आणि पुढच्या दाराकडे गेली. मी माझी पेज प्यायले. आंबूस, पातळ, मीठ थोडं जास्त. आमच्याकडे माणूस गेल्यावर नातलगांनी कडू घास आणायचा असतो. नागपूरचे नातलग रेल्वे बंद म्हणून अडकलेले, शेजारी आपापला गाळ उपसत होते. माझा कडू घास कोदोच्या पेजेचा झाला. बाबांनी वाटीला हात लावला नाही.

हल्ली भादव्यात मीही फुलबाईबरोबर जाते. कुठे ना कुठे पाणी शिरतंच. गेल्या वर्षी पलीकडच्या एका नव्या कॉलनीत शिरलं, तर आम्ही नऊ जणी गेलो. विचारायचं काम माझ्याकडे असतं, कारण साहेब लोकांची दारं मी बरोबर वाजवते असं तिचं म्हणणं. एका बाईनं दार फटीएवढं उघडून सांगितलं, "हाँ हाँ, सब ठीक है, खाना बन गया." मी तिच्याकडे पाहिलं. 'बन गया' म्हणताना माणूस एक श्वास चुकवतो, तो मला ओळखू येतो. "कल फिर आऊँगी," म्हटलं. तिच्या तोंडावर अगदी माझाच वैताग. मला तिचं काही वाईट वाटलं नाही. वाटायचं असतं तिथे माझ्या आत अजून गाळ आहे, तो निघालेला नाही, हे मला कळतं. पण पाय चालतात, तोंड विचारतं, हात वाढतात. फुलबाई म्हणते तेवढं पुरे.

त्या वर्षी, हेमंत गेल्याच्या दहाव्या दिवशी गुरुजी आले. दशक्रियेचा पिंड ठेवला. कावळा काही येईना. पुरानं झाडं पाडली होती, कावळे तरी कुठून येणार! तासभर वाट बघितली, मग गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि घड्याळ बघितलं. त्यांना आणखी चार ठिकाणी जायचं होतं. बाबांनी तो गवताचा कावळा पाहिला आणि मान फिरवली. त्या दिवसापासून पाणीसुद्धा चमच्यानं घालावं लागायला लागलं. डॉक्टर घरी येऊन गेले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "दोन दिवस बघू. नाहीतर भरती करून नळी घालावी लागेल. आणि या वयात, ताई, नळी घातलेली माणसं बहुतेक परत चमच्यावर येत नाहीत." मी मान हलवली. आवक झाली, नोंद केली. भाऊ गेला होता आणि बाबा चालले होते, आणि मी गादीवरची चादर बदलत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फुलबाई रिकामी बादली घेऊन आमच्या ओट्यावर टेकली. पहिल्यांदाच बसलेली पाहिली तिला.

"कल सुबह हम लोग अपनों को लेने जा रहे हैं," ती म्हणाली. "नाले पे. तुम भी चलो, दादा को लेके." बाबांना ती दादा म्हणायची.

मला समजेना. कुणाला घ्यायला? तिनं समजावलं. त्यांच्यात माणूस गेला की त्याला असं बाहेर सोडत नाहीत. पाण्याशी जायचं, नाव घेऊन हाक मारायची, आणि हाताला जे पहिलं जिवंत लागेल, मासा, किडा, गोगलगाय, ते घरी आणायचं. तो आला. मग त्याला घरच्या बाकीच्या गेलेल्यांमध्ये बसवायचं. प्रत्येक घराची रीत थोडी वेगळी, पण हाक सगळ्यांची.

मी म्हटलं, "नाल्याशी? त्याच नाल्याशी? नर्मदेवर तरी जा."

"जिस पानी ने लिया," ती म्हणाली, "उसी से माँगेंगे."

मग मी तो प्रश्न विचारला, जो मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. तुझं कोण गेलं?

"बिटिया," ती म्हणाली. "तीजा में मायके आई थी."

मुलगी. सणाला माहेरी आलेली. म्हणजे माझ्या दारात उभी राहून चूल पेटली का विचारणारी, माझं संडास पुसणारी, मला तीन ओगराळी वाढणारी ही बाई त्या सगळ्या दिवसांत स्वतःच्या मुलीचं जाणं पोटात घेऊन फिरत होती. आणि मी तिच्यावर चिडत होते. मला स्वतःची शिसारी आली. त्या रागाखेरीज इतक्या दिवसांत काही वाटलं ते एवढंच.

सकाळी बाबांना खुर्चीत बसवून बस्तीतल्या दोघांनी नाल्याकाठी उचलून नेलं. देशकर वहिनी म्हणाल्याच, "अहो सुमनताई, आपल्यात नसतं हे." म्हटलं, नसेल. नाला आता गुडघाभर, गढूळ, काठच्या बाभळींना अजून चिंध्या लटकलेल्या. पंचवीस-तीस माणसं. बाया पाण्यात उतरल्या, पदर दोन्ही हातांनी पाण्याखाली पसरून. फुलबाईनं हाक मारली, "सरिता! आ जा बेटी, घर चल!" रडून नाही, खेळायला गेलेल्या पोरीला जेवायला बोलवावं तशी. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. मग पदर उचलला, त्यात बोटभर झिंगा उडत होता. तिनं तो कळशीत घेतला, कळशी कपाळाला लावली आणि माझ्याकडे वळली.

"बुलाओ."

मी काठावर उभी राहून म्हटलं, "हेमंत." माझा आवाज हजेरी घेतल्यासारखा निघाला. पुन्हा म्हटलं. फुलबाईनं पदर उचलला. पानं आणि प्लास्टिकची पिशवी.

"ऐसे नहीं आएगा," ती म्हणाली. "घर में छोटे में क्या बोलते थे?"

मला ते नाव माहीत होतं. पण मी ते कधी घेतलं नव्हतं. ते आई घ्यायची, आणि बाबा. आई गेल्यावर एकटे बाबा. पन्नाशीला आलेल्या, टक्कल पडलेल्या माणसाला त्या नावानं हाक मारणारा जगात एकच माणूस उरला होता, आणि तो खुर्चीत बसून पाण्याकडे बघत होता. मी तोंड उघडलं. नाव येईना. खरं सांगते, घशात अडकलं असं नाही. ते माझ्याकडे नव्हतंच. ती बाई पाण्यात वाकून थांबली. कुणी घाई केली नाही. एवढी माणसं, लहान पोरंसुद्धा, नुसती उभी.

"बाल्या."

मला वाटलं दुसरंच कुणी बोललं.

"बाल्या," बाबा म्हणाले. इतक्या दिवसांनी उघडलेला घसा, नुसती घरघर. मग त्यांनी खुर्चीच्या हातांना धरून अर्धं अंग उचललं आणि ओरडले, "बाल्या! ये रे बाबा वर! राहू दे ती गाडी!"

फुलबाईनं पदर उचलला. त्यात एक मासोळी होती, करंगळीएवढी, रुपेरी पोटाची. मासा आहे, हे मला माहीत होतं. नाल्यातला मासा, दुसरं काय? तिनं आमच्या तांब्यात पाणी घेतलं, त्यात ती सोडली आणि तांब्या बाबांच्या मांडीवर ठेवला. "ले जाओ दादा, आ गया."

परत येताना खुर्ची उचलणाऱ्यांना बाबा सारखे सांगत होते, "धीरे, धीरे भैया, पानी छलक रहा है." दोन्ही हातांनी तांब्या धरलेला. घरी आल्यावर खाटेवर आडवे व्हायला तयार होईनात. स्वयंपाकघरात, टेबलापाशीच बसायचं. मी तांब्यातलं पाणी काचेच्या बरणीत ओतलं, मासोळी तिच्यात गोल-गोल फिरायला लागली. त्यांनी चष्मा मागितला. बराच वेळ नाक काचेला लावून बघत होते. बादलीतून आलेली सकाळची पेज मी वाटीत काढून त्यांच्यापुढे ठेवली, रोज ठेवायचे तशीच, काही आशा म्हणून नव्हे.

"सुमन," बाबा म्हणाले, "याला खायला काय घालायचं गं?"

मला खरंच माहीत नव्हतं.

"तुम्ही खाल तेच," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्या सकाळनंतर पहिल्यांदा. मग वाटी पुढे ओढली, बोटांनी पेजेतले दोन दाणे वेचून बरणीत टाकले, मासोळी वर येईपर्यंत थांबले, आणि वाटी तोंडाला लावली.